सही होईपर्यंत

बाई सकाळी नऊच्या बसने निघाल्या, तेव्हा लेक त्यांना सोडायला फाटकापर्यंत आली होती. रंगांची पेटी, घडीचं स्टँड, बसायचं स्टूल आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक अर्धवट चित्र, एवढंच सामान. लेकीने पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाली, "आई, निदान माझी छत्री तरी ने."

"तुझी लाल आहे."

 लेकीच्या लहानपणी एकदा बाबांनी घाईघाईत तिची लाल छत्री उचलून नेली होती आणि तिच्या गुलाबी उजेडात रंगवलेली सुकी टेकडी हिरवट होऊन घरी आली होती. उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्याला काळीच छत्री लागते. तीही डोक्यावर नाही, चित्रावर धरायला. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं की रंग आहेत त्याहून उजळ दिसतात. मग माणूस नकळत ते गडद कालवत जातो आणि घरी येऊन बघावं तर चित्र काळंठिक्कर.

बाईंच्या चित्रांवर ही छत्री एकतीस वर्षं त्यांच्या नवऱ्याने धरली. ते बस डेपोत टाइमकीपर होते आणि सगळे त्यांना टाइमकीपरच म्हणत. शाळेत चित्रकला शिकवून शिकवून त्या जगाच्या बाई झाल्या होत्या, म्हणून नवराही थट्टेने त्यांना बाईच म्हणे. दर रविवारी दोघं निघायची. त्या रंगवत बसायच्या आणि हे मागे डाव्या अंगाला उभे. सूर्य सरकेल तसे तेही पाऊल पाऊल सरकायचे. हात भरून आला की छत्री दुसऱ्या हातात घ्यायचे. त्या वेळी चित्रावरची गोल सावली बोटभर घसरायची आणि पुन्हा जागेवर यायची. "ड्रायव्हर बदलला," टाइमकीपर गंभीरपणे जाहीर करायचे.

एका बाबतीत मात्र ते हटून बसत. बाई "झालं" म्हणाल्या की छत्री मिटायची नाही, कारण झालं म्हणून झाल्यावर बाईंना हमखास काहीतरी दिसायचं आणि त्या पुन्हा ब्रश उचलायच्या. "तुझ्या झालंवर माझा काडीचा विश्वास नाही. आधी सही कर. सही होईपर्यंत मी हलत नाही."

गेल्या वर्षी याच दिवसांत दोघं त्या टेकडीवर गेली होती. खाली संत्र्यांच्या बागा, त्यापलीकडे निश्चल समुद्र, आणि मधोमध पंपघराची पांढरीशुभ्र भिंत. त्या भिंतीवर झाडांच्या निळसर सावल्या पडल्या होत्या. अकराच्या सुमारास बाई म्हणाल्या, "आता अजिबात हलू नका हं..." आणि चित्रात बुडून गेल्या. त्या दिवशी सावली जराही हलली नाही. हात बदलला नाही, ड्रायव्हर बदलला नाही. आज यांनी कमालच केली, असंसुद्धा बाईंच्या मनात आलं. मग एक ढग सूर्यावर आला, सगळीकडे सारखाच उजेड झाला, आणि त्याच क्षणी छत्री चित्रावर कोसळली. मागोमाग टाइमकीपर.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "किती वेळापूर्वी पडले?"

"आत्ता... अर्धा तास झाला असेल."

डॉक्टरांनी त्यांचा हात उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. "यांना जाऊन दोन तास तरी झालेत," ते हळू आवाजात म्हणाले.

हे बाईंनी कोणालाही सांगितलं नाही. लेकीलाही नाही. मोडलेली छत्री लेकीने टाकून दिली. चित्र मात्र बाईंनी कपाटामागे ठेवलं आणि एक वर्ष वाट पाहिली. सूर्य पुन्हा त्याच जागी येईपर्यंत त्या भिंतीवर त्याच सावल्या पडणार नव्हत्या. आज त्या ते पुरं करायला निघाल्या होत्या. पुरं करायचं, सही करायची आणि त्या माणसाला मोकळं करायचं. छत्री मुद्दामच घेतली नव्हती. त्यांनी एवढं सोसलं, तर आपल्यालाही थोडं ऊन लागू दे.

टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. सुकलेलं गवत, तापलेल्या मातीचा वास आणि खालच्या पंपाची एकसुरी धडधड. बाईंनी स्टँड उभं केलं, चित्र लावलं. छत्रीच्या काडीने ओल्या रंगात ओढलेला ओरखडा तसाच होता. पांढऱ्या कॅनव्हासवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. डोळे बारीक करून त्यांनी ओरखडा खरवडला, त्यावर रंग भरला. मग भिंत घेतली. भिंतीनंतर झाडं. झाडं रंगवता रंगवता ऊन, वय, वर्ष, सगळं विसरायला झालं.

डोळे दिपायचे थांबलेत, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

चित्रावर सावली होती. काठाला गोल, जुनी, ओळखीची सावली. त्यांच्या मनगटापर्यंत ती आली होती आणि मनगटाच्या वरचा हात उन्हात भाजत होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. जवळपास झाडही नव्हतं. तापलेल्या काळ्या कापडाचा वास आला, आणि छत्रीच्या तारांची अगदी बारीक करकर.

 बाईंचा ब्रश हातातच राहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली. मागे कोणी नव्हतं. फक्त डाव्या अंगाचं गवत दोन जागी दबलेलं होतं, पावलाएवढं. त्या पाहत असतानाच त्याच्या जरा पुढचं गवत सावकाश दबलं. सूर्य सरकला होता.

"अहो..." बाई पुटपुटल्या.



त्या पुन्हा चित्राकडे वळल्या. दुसरं काय करणार? भीती होती, नाही असं नाही, पण त्या भीतीखाली वर्षभर न लागलेली एक निवांत झोप लागल्यासारखं वाटत होतं. एक वाजेपर्यंत चित्र पुरं झालं. कुठेही बोट ठेवायला जागा उरली नाही.

"झालं हो," त्या म्हणाल्या.  "खरंच झालं. आता... खाली ठेवा."

सावली जागची हलली नाही. बरोबरच होतं. बाईंनी बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला आणि उजव्या कोपऱ्याशी टेकवला. सावली थरथरू लागली. दमलेल्या हातातली छत्री थरथरते तशी. सत्तर वर्षांचा माणूस, वर्षभर उभा. बाईंना रडू आलं. सहीची पहिली रेघ त्यांनी ओढली. त्याबरोबर सावलीचा काठ चित्राच्या डाव्या टोकावरून मागे सरकला आणि तिथे पांढरं ऊन पडलं. रिकामं, कोणाचंही नसलेलं ऊन.

"थांबा!" बाई ओरडल्या. "एवढं एकच राहिलंय... हलू नका."

सावली परत आली. बाईंनी बोटाने ती काळी रेघ पुसून टाकली. काहीही राहिलं नव्हतं. सवयीने तोंडातून गेलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण ते खरं नव्हतं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

तीनच्या बसने त्या घरी आल्या. लेकीने चित्रावरची चादर अलगद सोडली आणि चित्र हातभर लांब धरून पाहिलं. मग म्हणाली, "उन्हात बसून काढलंस म्हणतेस... मग काळं कसं नाही पडलं?"

बाई चपला काढत राहिल्या.

"आणि सही कुठे आहे? थांब, सुकायला बाहेर ठेवते. रंग ओला आहे तोवर करून टाक."

तिने चित्र अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. अंगण उन्हाने भरलेलं होतं. फरशी, बादली, दोरीवरचे कपडे, सगळं लख्ख. फक्त चित्रावर गोल सावली होती. लेकीने वर पाहिलं, दोरीवरची चादर बाजूला केली, पुन्हा वर पाहिलं. मग ती एक पाऊल मागे सरली.

"आई... ही सावली कशाची आहे?"

सावली आता जोराजोराने थरथरत होती. पेटीतला बारीक ब्रश बाईंच्या हातात होता. चार पावलांवर चित्र होतं. नावाची दोन अक्षरं, बस.

"सही उद्या करते," बाई हळूच म्हणाल्या. लेकीला नव्हे, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत. "उद्या नक्की."

थरथर थांबली. सावली बोटभर घसरली आणि पुन्हा जागेवर आली.

 लहानपणी कधी त्यांच्याबरोबर गेली की लेक याच खेळाला टाळ्या वाजवून हसायची. तिचे ओठ हलले.

"ड्रायव्हर बदलला..."

बाईंनी ब्रश पुसून पेटीत ठेवला.