अवज्ञेचा सराव

"सारंग, तुमच्या मेंदूच्या मते स्वयंपाकघराची खिडकी तुमच्या डाव्या कोपराला जोडलेली आहे," पडद्यावरचा देहनकाशा बघत डॉ. शबाना मुलाणी म्हणाल्या.

"तरीच वारा सुटला की कोपर कुरकुरतं," सारंग पलंगावरून म्हणाला.

एका अपघातात सारंगचं मानेखालचं शरीर लुळं पडलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. तो मुळात नियंत्रण-अभियंता. त्यानं स्वतःच आपल्या सांगलीच्या घराला मेंदूसेतू जोडला होता. मनात आणलं की दार उघडायचं, दिवा लागायचा, पलंग कूस बदलून द्यायचा. आता ती इमारत पाडायची होती आणि त्याला मिरजेला राहायला जायचं होतं. तिथली यंत्रणा तयार होती, मदतनीसही ठरला होता. अडचण फक्त मेंदूची होती.

"मेंदूला हाडामांसाचं कौतुक नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "जे विनातक्रार ऐकतं ते माझं अंग, एवढंच त्याला कळतं. घर एकदम तोडलं तर छायावेदना सुरू होतील. नसलेलं दार जन्मभर ठणकेल."

"मग दारानं आधीच ऐकायचं सोडायचं."

"अगदी बरोबर. अवज्ञेचा सराव. तुम्ही आज्ञा देत राहा, दार हलणार नाही. मेंदू हळूहळू त्याच्यावर पाणी सोडेल."

सराव सुरू झाला. सारंगनं दाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण दार ढिम्म. एकेक खिडकी, एकेक दिवा नकाशातून विझत गेला.

इकडे त्याची धाकटी बहीण मुग्धा खोकी भरत होती. रत्नागिरीच्या सागर-संशोधन केंद्राची नोकरी तिनं पूर्वी दादासाठी नाकारली होती. मिरजेचं घर तिच्यावाचून चालेल असं ठरल्यावर या वेळी तिनं होकार कळवला होता. ती गुणगुणायला लागली की सारंगला बरं वाटायचं, आणि ती गुणगुण थांबावी असंही वाटायचं.

शेवटच्या चाचणीत सगळं घर बंद केलं. सारंगला काहीच दुखलं नाही.

"सुटलं घर!" डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात मुग्धा टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेली आणि सारंग कळवळला. त्याचा उजवा हात ठणकत होता. नकाशावर तिथे एक मोठा ठिपका पेटला होता, आणि घरातलं कुठलंच यंत्र त्याला जोडलेलं नव्हतं. मुग्धा परत आली तशी कळ थांबली. कुणी न सांगता तिनं दादाच्या कपाळावरचा घाम पुसला.

तो ठिपका मुग्धाचा आहे हे सारंगला कळायला वेळ लागला नाही. "दारं निदान आज्ञेची वाट बघायची," तो म्हणाला. "ही तेवढीही बघत नाही."

डॉक्टरांनी मुग्धाला सगळं समजावलं. ती खोक्यावर बसली. "मग मी जात नाही. आजच कळवते त्यांना."

ठिपका आणखी तेजाळला; मेंदू सुखावला होता. सारंगला स्वतःची लाज वाटली.

"मुग्धा, मी पाणी मागेन. तू द्यायचं नाहीस."

"मी काय दार आहे का, दादा?"

"कर मी सांगतो तसं. पाणी दे."

"नाही," ती कसंबसं म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ठिपका जराही फिका झाला नाही. डॉक्टरांनी मान हलवली. "तुमच्या सांगण्यावरून केलेली अवज्ञा म्हणजे आज्ञापालनच, सारंग. दाराला ते कळत नाही, तुमच्या मेंदूला कळतं."

सारंगनं पडद्यावरची नजर काढून मुग्धाकडे बघितलं. "जाऊ नकोस, मुग्धा. मला भीती वाटते. तुझ्याशिवाय मला जमणार नाही."

हे तो सरावासाठी म्हणत नव्हता, आणि ते तिलाही कळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून खिडकीशी गेली आणि खाली वाकून ओरडली, "अहो, माझी खोकी मिरजेला नकोत! ती वेगळी ठेवा, रत्नागिरीला जायची आहेत!"

"मुग्धा!"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. सारंगचा हात ठणकू लागला, आणि पडद्यावरचा ठिपका पहिल्यांदाच किंचित फिका पडला. सारंगनं तो बघितला, तरीही त्यानं पुन्हा हाक मारली.