मानीबाईंच्या गालावरचे ठिपके

बाटलीत पाणी होते. साधे, किंचित गढूळ पाणी — आणि तळाशी हरभऱ्याएवढा पांढुरका तुकडा.

"यातलं औषध कुठं गेलं?" मी खिडकीतून विचारले.

"फेकलं," पलीकडचा तरुण म्हणाला. "लय वास येत होता, बाई. बसमधले लोक मलेच उतरवाले निघाले. मंग दारव्ह्याच्या स्टँडवर बाटली धुऊन घेतली. चांगली स्वच्छ धुतली."

स्वच्छ. मी डोळे मिटले आणि उघडले. तो अजून तिथेच होता, शाबासकीची वाट पाहत.

१९६३ साल सरत आले होते. मी बी.एस्सी. होऊन यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रक्त-थुंकी तपासायच्या कामाला लागले होते. तो तुकडा त्याच्या आईच्या गालातून काढलेला. गालात आतून गाठ आली होती, दिग्रसच्या डॉक्टरांना कर्करोगाची शंका होती, म्हणून त्यांनी तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्याकडे पाठवला होता. फॉर्मॅलिनमध्ये मांस कुजत नाही. पाण्यात कुजते. हे मी त्याला शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या आईचा गाल पुन्हा कापायचा."

त्याचे तोंड इतके उतरले की मला पुढचे बोलणे गिळावे लागले. हरिसिंग नाव. मॅट्रिक झालेला, दिग्रसच्या जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलायचा. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवरसुद्धा कापसाचे तंतू.

"मॅट्रिकला रसायनशास्त्र नव्हतं का?"

"होतं नं. पण वासावर प्रश्न नव्हता आला."

मी खिडकी लावून घेतली. हसू आले होते, आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या खेपेला तो बाटली नाही, आईलाच घेऊन आला. मानीबाई — बंजारा बाई, आरशांचा घागरा, दोन्ही गालांवर लोंबणारी चांदीची घुगरी, आणि दाढेखाली तंबाखू. तुकडा नीट निघाला. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिला तेव्हा शंकेला जागा उरली नाही. कर्करोगच होता.

पण गाठ लहान होती. पूर्वी अशा वेळी जबडाच काढायचे. आता नागपूरच्या एका दवाखान्यात क्ष-किरणांचे मोठे नवे यंत्र आले होते. बाहेरून गालावर शेक द्यायचा, आतली गाठ विरघळत जाते. अट एकच — शनिवार-रविवार सोडून मधे खंड पडता कामा नये. खंड पडला की अर्धमेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, आणि मग शेकही लागू पडत नाही. हे मी हरिसिंगला दोनदा सांगितले, आणि त्याच्याकडून वदवूनही घेतले.

"मी काय शाळेत हाओ का?" तो म्हणाला.

"बाटली धुणाऱ्या माणसाला दोनदाच सांगतात."

सोमवार ते शुक्रवार मायलेक नागपूरला धर्मशाळेत राहत. जिनिंगच्या ऐन हंगामात त्याने बिनपगारी रजा घेतली होती. शनिवारी तांड्यावर परतताना यवतमाळला उतरत, कारण शेकामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि त्या मोजाव्या लागत. मानीबाई बोट पुढे करत. हरिसिंग रुमालातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवी.

"इथं खायचं नसतं. इथं लोकांची थुंकी असते."

"मंग बाहेर चला."

"मला काम आहे."

"मी थांबतो नं… काम होईपर्यंत."

तो थांबायचा. मानीबाई बाकावर डुलक्या घ्यायच्या, आणि आम्ही व्हरांड्यात शेंगा सोलत भांडायचो. त्याला सगळे विचारायचे असे. ते किरण दिसतात का, मग गाठीला कसे समजते, आणि मला मुळात या वासात बसायला कोणी सांगितले. एकदा मी बोलता बोलता त्याच्या भुवईवरचा कापूस काढला. हात आपोआप गेला… मग दोघेही शेंगांकडे पाहत राहिलो.

"राहू द्या," तो म्हणाला, "दुसऱ्या भुवईवर बी हाय."

"ती तुमच्या आईला सांगा."

हे बरे चालले असताना ठिपके पुसायला लागले.

किरण नेमके कुठे सोडायचे ते ठरवून नागपूरच्या डॉक्टरांनी मानीबाईंच्या गालावर जांभळ्या शाईने चार कोपऱ्यांवर चार ठिपके काढले होते. यंत्र रोज त्यांच्यावर रोखायचे. पाणी लावायचे नाही, तेल लावायचे नाही. मानीबाई गाल धूतही नव्हत्या, बिचाऱ्या. पण घुगरी चालताना गालावर घासे, आणि शनिवारपर्यंत चाराचे दोन उरत.

"घुगरी काढून ठेवा," मी म्हणाले.

"माहा नवरा जित्ता हाय," मानीबाई म्हणाल्या.

"काही दिवसांचाच प्रश्न आहे."

"बाई, तो बैलाच्या जोडीनं वखर हाणून राह्यला तिकडं. अन् म्या कायले काढू?"

घुगरी लग्न झालेल्या बाईची. ती नवऱ्यामागेच उतरते. हरिसिंगने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले, म्हणून मला आणखी राग आला. दर सोमवारी डॉक्टरांना माप घेऊन नवे ठिपके काढावे लागत. तिसऱ्या सोमवारी त्यांचा संयम सुटला. पुन्हा पुसून आलात तर यंत्राजवळ घेणार नाही, असे त्यांनी मानीबाईंना बजावले. त्या शनिवारी त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत.

आणि सोमवारी सकाळी मायलेक नागपूरची बस धरायच्या आधी माझ्या दवाखान्याच्या दारात. मानीबाई प्रसन्न.

"आता पुसून दाखव मले," त्यांनी गाल पुढे केला.

ठिपके पुसणार नव्हते. गोंदले होते. तांड्यावरच्या बसंतीबाईने शाईच्या खुणांवर सुया मारून हिरवे पक्के ठिपके केले होते. क्षणभर मला वाटले, वा. मग मी मोजले. नऊ होते. शिवाय कानाकडे एक छोटे फूल.

"हे बाकीचे कशाचे?"

"चारच ठिपके भुंडे दिसत होते. बसंतीनं भरून देल्ले. तिनं घेतलं बी नाही काही."

"यातले डॉक्टरांचे कोणते?"

मानीबाईंनी मुलाकडे पाहिले. मुलाने छताकडे.

"तुम्ही कुठं होता?" मी त्याला विचारले.

"बापाले वावरात पाणी ओलाले मदत करत होतो."

"शेकानं आधीच भाजलेलं कातडं, त्यावर सुया! पिकलं म्हणजे? काहून नाही पाहिलं तुम्ही? कायले मले म्हणता मंग, मी काय शाळेत हाओ का म्हणून?"

मी रागावले की माझ्या गावची, नेरची बोली तोंडात येते. दवाखान्यात हे पहिल्यांदाच झाले. हरिसिंग टक लावून ऐकत होता.

"अजून बोला नं असंच," तो हळूच म्हणाला.

मी हातातली टेस्ट ट्यूब खाली ठेवली, फुटण्यापूर्वी.

तेवढ्यात मानीबाई बाकावरून उठून दाराकडे निघाल्या होत्या. आपण नागपूरला जात नाही, त्या म्हणाल्या. डॉक्टर पुन्हा ओरडेल. गाठ अर्धी गेली, बाकीची जाईल आपोआप. घर आहे, म्हशी आहेत. हरिसिंग "याडी, याडी" अशा आईला हाका मारत मागे धावला, पण त्या दिग्रसच्या बसकडे वळल्या होत्या. त्या बसमध्ये त्या बसल्या असत्या, तर सगळे तिथेच संपले असते. गाठ अर्धी गेली होती हे खरे. उरलेली अर्धी कशी वाढते, ते मी काचेखाली पाहिले होते.

मी रजेची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि स्टँडवर जाऊन मानीबाईंचा हात धरला.

"मी येते. डॉक्टरांना मी सांगीन. ओरडले तर माझ्यावर ओरडतील."

"तू कायले येशीन?"

मी त्यांना नागपूरच्या बसमध्ये बसवले.

वाटेत हरिसिंग मागच्या बाकावरून दोनदा वाकला.

"चिडल्या का?"

"हो."

पुढचे गाव गेले. "अजून?"

"नागपूरपर्यंत. मग बघू."

डॉक्टर ओरडले. माझ्यावरच. शिकलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत रुग्णाचा गाल फुलांनी भरतो, हे त्यांना पटेना. मग भिंग घेऊन त्यांनी कातडी पाहिली. कडेचे दोन ठिपके सुजले होते, पण पिकले नव्हते. दातांवरून आणि कानाच्या पाळीवरून माप पुन्हा घ्यावे लागणार, निम्मा दिवस जाणार. तरी शेक आजच देऊ, ते म्हणाले. खंड नको. गाठ चांगली ओसरली होती. पण बरे झाले असे आत्ता कोणी म्हणू नये. पाच वर्षे तपासत राहावे लागेल, तंबाखू कायमची बंद.

"आणि माप घेताना यांना हलू न देता धरायला घरचं माणूस पाहिजे," ते माझ्याकडे पाहत म्हणाले. "तुम्ही कोण यांच्या?"

तोंड भाजल्यामुळे मानीबाईंना बोलणे जड जात होते. तरी त्याच बोलल्या. "सून," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान डोलावली. यंत्र तयार झालं की बोलावतो, म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत दार लागले होते.

व्हरांड्यातल्या बाकावर मी आणि हरिसिंग. तो बुटाच्या टोकाकडे पाहत होता.

"तुम्ही दुरुस्त का केलं नाही?" मी विचारले.

"तुम्ही काहून नाही केलं?"

"मला वेळ मिळाला नाही."

"आता हाय नं वेळ."

समोरच्या कडुनिंबाखाली कोणाचे तरी नातेवाईक चूल पेटवत होते.

"तुमच्या तांड्यात काय म्हणतील?"

"तांड्याचा नाईक पंचायत बसवन. माहा बाप चार दिवस जेवणार नाही." मग त्याने विचारले, "तुमच्या घरी?"

"बाबा म्हणतील, आम्ही बौद्ध झालो ते जात सोडायला. आणि मग म्हणतील, पण बंजारा…?"

तो हसला. मग हसू राहिले नाही. "माह्यापाशी काही नाही, प्रभाबाई. काट्यावरची नोकरी, ते बी या रजेनंतर राहीन का नाही… अन् याडीचं पाच वर्षं पाह्यचं. मी तुमाले विचारायचं धरलं होतं. मंग म्हटलं, आपण बाटली धुणारा माणूस—"

"विचारलं नाहीत म्हणून तर मला राग येतो," मी म्हणाले. "तीन शनिवार नुसत्या शेंगा आणल्या."

तो माझ्याकडे वळला. काही बोलणार होता…

दार उघडले. नर्सने बाहेर डोके काढले. "मानीबाईंची सून कोण आहे? चला लवकर."

हरिसिंग माझ्याकडे पाहत राहिला.

मी पदर खोचला आणि उठले.