पान अकरा

त्या दुपारी मी नेहमीसारखीच प्रूफं द्यायला निघाले होते. आठ पानं, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधलेली. मास्तरांचं घर वस्तीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. शेवटच्या थांब्यापासून वीस मिनिटं चालायचं. मास्तर पियानो शिकवायचे आणि स्वतः संगीत लिहायचे. ते छापायचं म्हणजे आधी आमच्याकडे यायचं. बाबा गेल्यापासून त्यांचा कारखाना दादा आणि मी चालवतो. शिशाच्या मऊ पत्र्यावर पाच रेघा ओढायच्या, पोलादी ठशांनी एकेक सूर ठोकायचा, कोरणीने सुरांच्या दांड्या आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी काढायच्या. सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. कागदावर छापलं की सुलट होतं.

मास्तरांची प्रूफं तपासायच्या त्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. एखादं टिंब केसाएवढं सरकलं तरी बाईंच्या तावडीतून सुटायचं नाही. त्या जाऊन तीन महिने झाले होते. मी स्वतः त्यांना शेवटचं पाहून आले होते.

म्हणून मला वाटलं, मास्तर पानं ठेवून घेतील आणि सवडीने कधीतरी पाठवतील. पण त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, पानं घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं. खोली गार होती. ओल्या लाकडाचा आणि जुन्या कागदांचा वास येत होता. आत पान उलटल्याचा आवाज झाला. मग मास्तरांचा आवाज, अगदी हळू. ते काहीतरी विचारायचे आणि थांबायचे... उत्तर ऐकायला थांबावं तसे. उत्तर मला ऐकू आलं नाही. पण ते कधी क्षणभरच थांबायचे, कधी बराच वेळ. ते मला आवडलं नाही.

पाऊण तासाने ते चुकांची यादी घेऊन आले. तिने सगळं बघितलंय, म्हणाले. अक्षर बाईंचं होतं. बारीक, डावीकडे कललेलं. नऊ वर्षं मी ते वाचत आले होते. मी यादी घडी घालून पिशवीत ठेवली. म्हातारा माणूस, घरात एकटा. बायकोचं अक्षर गिरवून जीव रमवत असेल तर आपण कोण बोलणार?

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, चुका बरोबर काढल्यात ना, मग अक्षर कुणाचं का असेना. चुका बरोबरच होत्या. फक्त शेवटची ओळ मला कळेना. ‘पान नऊ, चौथी ओळ, तिसऱ्या सुराचं टिंब राहिलं.’ पान नऊ मी अजून कोरायला घेतलंच नव्हतं.

ते पान मी डोळ्यांत तेल घालून कोरलं. चौथ्या ओळीतलं ते टिंब मी ठोकलं. ठशाचा आवाजसुद्धा मला आठवतो. संध्याकाळी दादाने प्रूफ काढलं. चौथी ओळ, तिसरा सूर. टिंब नव्हतं.

नऊ आणि दहा ही पानं घेऊन मी पुन्हा गेले. या वेळी दारातच मास्तरांना विचारलं, की यादी कोण लिहितं. त्यांना प्रश्नच समजला नाही. तिच्याशिवाय कोण लिहिणार, असं म्हणून ते आत गेले. परत आले तेव्हा कागदावर एवढंच होतं.

‘पान अकरा. इथून हात बदलला आहे.’

हे वाक्य मी आधी वाचलं होतं. सहा वर्षांपूर्वी बाबा मास्तरांचंच एक पुस्तक अर्ध्यावर टाकून गेले. दुपारी जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुढची पानं दादाने कोरली आणि आम्ही कुणालाही न सांगता पाठवून दिली. बाईंनी प्रूफाच्या कडेला नेमकं हेच लिहिलं होतं. कोरणाऱ्याचा हात अक्षरासारखा असतो, लपवून लपत नाही. आणि पुस्तकाच्या मधेच तो बदलला तर...

‘मास्तर, अकरावं पान मीच कोरणार आहे,’ मी म्हणाले.

‘तिची चूक सहसा होत नाही गं,’ ते एवढंच म्हणाले.

तो कागद वाचून दादाची बेफिकिरी गेली. हे पान मी करतो, तू हातही लावू नकोस, म्हणाला. पण त्याने केलं असतं तर बाईंचं म्हणणं आपोआप खरं झालं असतं, आणि मग माझं काय, हे विचारायचा धीर मला नव्हता. मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बसले. खिडक्या उघड्या ठेवल्या, दादाला समोर बसवलं आणि माझ्या हातांवरची नजर हलवू नकोस म्हणून बजावलं.

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. हातोडी हलकी लागत होती, बस. ठसा ठेवायचा, ठोकायचा, पुढचा उचलायचा. एक पान कोरायला मला दोन दिवस लागतात. हे दुपारच्या जेवणाआधी पुरं झालं, आणि त्या वेळी आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दादाने प्रूफ काढलं आणि खिडकीशी नेलं. एकही चूक नव्हती. तो तिथेच उभा राहिला, म्हणून मी जवळ गेले. माझ्या कमानी आखूड संपतात, पहिल्यापासून. या कमानींची टोकं लांब होती, बारीक बारीक होत पांढऱ्या कागदात विरून गेलेली.

‘छोटे... हा बाबांचा हात आहे.’

‘तू समोर बसला होतास.’

‘हो,’ दादा हळूच म्हणाला. ‘होतो ना.’

मास्तरांनी ते पान एकही खूण न करता परत पाठवलं. बारा आणि तेरा मी कोरली, ती माझ्याच हातची उतरली. पुस्तक छापून झालं. मला काही झालं नाही. हळूहळू अन्न गोड लागायला लागलं, आणि आम्ही त्या पानाचं नाव काढणं सोडलं.

महिन्याभराने दुसऱ्या एका संगीतकाराचं काम आलं. दादाने कोऱ्या पत्र्यांची नवी चळत फोडून एक पत्रा माझ्या पुढ्यात ठेवला. जागेवर सरकवताना माझ्या बोटांना खालून खडबडीत लागलं. आमच्या कामात चुकीचा सूर पुसता येत नाही. पत्रा पालथा घालून बरोबर त्या जागी पाठीवर ठोकायचं, म्हणजे पुढच्या बाजूचा खड्डा भरून येतो आणि तिथे नवा सूर बसवता येतो. दुरुस्ती झालेला पत्रा पाठीवरून लगेच ओळखू येतो.

मी तो पालथा घातला. पाठीवर दुरुस्तीचे ठोके होते. सात. जपून, नेटके मारलेले.

पत्रा कोरा आहे, चळत मी आत्ताच फोडली, असं दादा पुन्हा पुन्हा सांगत होता. मी पत्रा परत उताणा केला आणि तळहात फिरवला. कुठे फुगवटा नाही, ओरखडा नाही, पाण्यासारखा गुळगुळीत. त्यावर मी अजून एकही सूर ठोकला नव्हता.