सुरभीच्या बोटाचं माप

चौथीनंतर शाळेचं आणि माझं पटलं नाही, तेव्हा एखादा काना-मात्रा सांडलेला दिसला तर उचलून जागेवर ठेवजा. गोष्ट साधी आहे. अंगठी मोठी करून आणायची होती, बस. देवळीच्या बाजारात तानबा सोनाराकडे जायचं, त्याच्या पैशाचा चहा प्यायचा आणि अंगठी घेऊन घरी यायचं. असल्या कामाला आमच्या घरात एकच माणूस रिकामा असतो, तो मी. रूपराव.

अंगठी माझ्या पुतण्याच्या साक्षगंधाची, म्हणजे तुमच्या साखरपुड्याची. निकेश त्याचं नाव. बियाण्याचं दुकान चालवतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा लाजतो. त्याचं जमलं होतं तळेगावच्या सुरभीशी. पोरगी गोल चेहऱ्याची, हसरी, हात कसे भरलेले. पाहायला गेलो तेव्हा मी तिला म्हटलं, "पोरी, आमचा निकेश बोलत नाई, तुले दोघायचं बोला लागंन." तर ती पटकन म्हणाली, "चालते काकाजी, मले सवय हाय. माहे बाबाबी असेच." मला तिथंच आवडली.

पण निकेशचं हे दुसरं साक्षगंध. पहिलं सपनाशी झालं होतं. बारीक, काडीसारखी पोरगी. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि तिला डेंग्यू झाला. गेली. दवाखान्यात बोटं सुजली होती म्हणून अंगठी निघेना, शेवटी साबणाचा फेस लावून काढावी लागली. तिच्या आईबापांनी ती परत आणून दिली. शकुंतला वहिनीनं, म्हणजे निकेशच्या आईनं, ती कुंकवाच्या डबीत ठेवली होती. आता तीच काढली.

मी म्हटलं, "वहिनी, पोरगी नवी, तं अंगठीबी नवी करा न."

"सोनं कोनाचं नसते भाऊजी. ज्याच्या बोटात असंन त्याचं. आन् तळेगावात तोंड उघडसान तं पाहा."

आमच्याकडे साक्षगंधाच्या आधी अंगठी पोरीच्या बोटात घालत नाहीत. अपशकुन मानतात. पोरीच्या घरच्या बाया तिच्या बोटाला दोरा गुंडाळतात, गाठ मारतात, हळद लावतात आणि ते कडं मुलाच्या घरी धाडतात. सुरभीच्या आईनं, सुलोचनाबाईनं धाडलेला दोरा मी वरच्या खिशात ठेवला, अंगठी आतल्या चोरखिशात, आणि निघालो.

मे महिन्याची दुपार. वर्ध्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगण्यात अर्थ नाही, आणि माहीत असेल तर सांगायची गरज नाही. बाजार सगळा पालथा पडलेला. तानबा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बनियनवर बसला होता.

"ये बे म्हताऱ्या. अजून हाय का तू?"

"तुह्या तेराव्याचं जेवल्याशिवाय जात नाई."

दोघंही खूश झालो. मग त्यानं अंगठी खालून कापली, फाकवली, सोन्याचा नखाएवढा तुकडा मधे बसवला, फुंकणीनं ज्योत मारून सांधा जुळवला. पाण्यात टाकली, चर्र झालं. घासली, पुसली. मग पोलादी दांडीवर चढवली. ही दांडी खाली जाड, वर निमुळती, अंगावर मापाच्या रेघा. दोरा जिथं बसला तिथंच अंगठी बसली. बरोब्बर. मी डोळ्यानं पाहिलं, आणि माझा चष्मा त्या दिवशी पुसलेला होता.

घरी आलो. वहिनीनं दोरा अंगठीवर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. दोरा कितीतरी मोठा. अंगठी होती तेवढीच.

"भाऊजी, तुमाले कारटं म्हनाव का म्हातारं म्हनाव? बदलवून आनली न?"

मी शपथ घेतली. घरातल्या बायका हसायलाच लागल्या. त्यांचाही दोष नाही. मी एकदा इवायाला, म्हणजे व्याह्याला, पुरणपोळीत कापूस भरून वाढला होता, आणि बिचाऱ्यानं लाजेखातर अर्धी खाल्लीही होती. ती गोष्ट तळेगावलाही ठाऊक. तेव्हा माझ्या शपथेला आमच्या घरात कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी तानबाकडे. तो तर पेटलाच.

"माह्या सांध्याले नाव ठेवतं? पन्नास वर्षं झाले बे!"

"सांधा दाखव मंग."

त्यानं भिंग लावून अंगठी फिरवली. पुन्हा फिरवली. सांधा नव्हता. घातलेला तुकडा नव्हता. अंगठी जशी कधी कापलीच नाही. तानबा माझ्याकडे बघून हसला, पण अर्धाच.

"दुसरी आनली न तू?"

"नाई रे बाप्पा."

"खरं सांग, रूपराव."

"तुही शपथ."

ही शपथ मात्र त्यानं ऐकली. अंगठी पुन्हा कापली, पुन्हा तुकडा घातला. या वेळी सांधा जुळला तेव्हा वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. बाहेर रस्त्यावर कोणी नाही, शटरच्या खाली पांढऱ्या उन्हाची एक पट्टी तेवढी. कोळशाचा आणि तेजाबाचा वास तर त्या दुकानात नेहमीचाच. त्यात हळूच दुसरा एक वास मिसळला. ओला, गोडसर.

"साबन लावून आला का रे आज?" तानबानं विचारलं.

मी आंघोळ कधी करतो ते तानबाला माहीत आहे.

त्यानं अंगठी दांडीवर चढवली, सुरभीच्या मापाच्या रेघेवर. दांडी लाकडी ठोकळ्यात उभी खोवली. "आता हात नाई लावत. पाहू कोन बदलवते तं."

आम्ही दोघं म्हातारे मांडी घालून तिच्यासमोर बसलो. देवासमोरही मी इतका शहाण्यासारखा कधी बसलो नाही. घामाचा एक थेंब माझ्या कानामागून मानेवर उतरला, तो मला सगळा कळला.

मग आवाज आला. खर्र...

उंदीर असेल. तानबानं मान वळवून कोपरा पाहिला.

खर्र... खर्र...

अंगठी वर सरकत होती. खाली नाही, वर. जाड भागाकडून निमुळत्या भागाकडे, जराशी डावीकडे वळायची, जराशी उजवीकडे वळायची, आणि पुढं. घट्ट बसलेली अंगठी आपण बोटातून कशी फिरवत फिरवत काढतो, तशी. पोलादावर तिच्यामागं पातळ ओल राहत होती आणि ओलीत बारीक बुडबुडे. वरच्या एका रेघेवर येऊन ती थांबली.

तानबाला रेघ कोणाची ते विचारावं लागलं नाही. सपनाच्या साक्षगंधाची अंगठी त्यानंच घडवली होती.

"हे आटवा लागते," तो एकदम हळू बोलला. "पानी करा लागते याचं. मंग दुसरी करू... पन वहिनीले विचारून ये. दुसऱ्याचं सोनं मी पुसल्याशिवाय आटवत नाई."

मी घरी जाऊन जसं झालं तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द पदरचा घातला नाही, आणि तिथंच चुकलो असेन. निकेशसुद्धा हसला, जो हसत नाही. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून हसून. मग ते पुसून ती म्हणाली, "मेलेल्या पोरीची मस्करी करू नोका भाऊजी. थे बरी दिसत नाई." अंगठी तिनं माझ्या हातातून घेतली आणि कमरेला खोवली. "बसली तं बसली, नाई तं करंगळीत घालू. लोक आंगठी पाहतेत, बोट नाई पाहत."

राहिली सुरभी. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि अंगठी जाणार होती तिच्या बोटात. मी तळेगावला फोन लावला.

"सुलोचनाबाई, पोरीले थे आंगठी घालू देऊ नोका. थे मेलेल्या पोरीची हाय. आन् थे... थे वर सरकते."

पलीकडे फोन कोणाकडे तरी धरून बाई ओरडल्या, "सुरभे, ये इकडं! कापसाच्या पोळीवाले इवाई बोलून राह्यले!" मागं सगळं घर खदखदलं. सुरभीचं हसू मी वेगळं ओळखलं. मी फोन ठेवला. रडणारा माणूस खोटं बोलला तरी लोकांना खरं वाटतं. आमचं उलट.

साक्षगंधाच्या दिवशी मांडवात वहिनीनं पदराखाली तेलाची वाटी तयार ठेवली होती. तानबा आला होता, पण मागं, दाराजवळ उभा. निकेशनं सुरभीचा हात धरला. अंगठी बोटाच्या टोकाला लावली.

अडली नाही. रिकाम्या बांगडीतून हात जावा तशी गेली, थेट बुडापर्यंत. टाळ्या पडल्या. वहिनीनं सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं, आणि मांडवभर हशा झाला. सुरभीही हसली. हसता हसता मधेच थांबली आणि आपल्या हाताकडे बघायला लागली.

मी दारात पाहिलं. तानबा निघून गेला होता.

अंगठी मोठी झाली नव्हती. हे जवळून पाहणारा तिथं मी एकटाच. तिच्या गुबगुबीत हाताला ते एक बोट बारीक होतं, काडीसारखं, जसं दुसऱ्या हातातून काढून इथं बसवलं असावं. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं, ते आधी सांगून झालं होतं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी तळेगावला काही सामान पोचवायला गेलो. सुरभीच्या हातावरची रातची मेंदी धुवून झाली होती. मेंदी काढणारी रीता तिचा हात धरून, हळद चोळावी तसं तेच बोट चोळत होती. बाकी हात विटकरीसारखा रंगला होता. ते बोट पांढरं. रंगाचा ठिपका नाही.

"कितीदा लावली," रीता म्हणाली. "घेतच नाई. मेनाले लावल्यावानी." मग तिला मी दिसलो. "काकाजी! तुम्हीच काई लावलं न इच्या बोटाले?"

सुरभीनं माझ्याकडे पाहिलं. इतकं आशेनं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नसेल. तिला फक्त माझं हो पाहिजे होतं.

"हाव," मी म्हटलं. "मीच. मेन लावलं. कसं फसवलं?"

सगळ्या बाया हसल्या, मला शिव्या दिल्या. सुरभीचा श्वास सुटला, तो मला ऐकू आला. मग तीही हसली, मनापासून, आणि लाजून तिनं तोंड झाकायला मूठ वळली.

चार बोटं मिटली. ते एक तसंच राहिलं, सरळ. आणि मग ते माझ्याकडे वळलं.