शेवटच्या माणसाची काठी

सक्करदऱ्यातून दर श्रावणात आमचा जथा नागद्वारच्या गुहेतल्या देवाच्या दर्शनाला जाई. छिंदवाड्यापर्यंत रेल्वे, तिथून बैलगाडी, आणि शेवटचे दोन दिवस सातपुड्याच्या धारेवरून पायी. वीस वर्षं जथा नेला तो नत्थूजींनी. एकोणीसशे एकतीस साली त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि ते काम माझ्यावर आलं. मी मोजणी खात्यात नकाशे काढणारा माणूस. डोंगर मला कागदावर बरा कळे.

निघण्याच्या आदल्या दिवशी नत्थूजींनी काठी हाती दिली. पुरुषभर उंचीची, वरच्या टोकाला सात घुंगरं बांधलेली. ती कायम शेवटच्या माणसाकडे असायची.

"धारेवर धुकं उतरलं की आपला हात आपल्याले दिसत नाही," ते म्हणाले. "घुंगरू वाजून राहिलं तोवर चालत राहाचं. थांबलं की थांबाचं. पण मांगं पाहाचं नाही गा, मार्तंडराव. पुढच्यानं मांगं पाहिलं की पाय चुकते."

मला ही रीत पटली. देवाधर्माचं राहू द्या, त्यात सरळ हिशेब होता. शेवटचा आला म्हणजे सगळे आले.

त्या वर्षी शेवटचा होता अनंत, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून नवस बोलायला निघालेला. स्वभावाने इतका भिडस्त, की पंगतीत मीठ मागायचीही त्याला लाज. नीला स्टेशनवर पोचवायला आली होती. तिने मला बाजूला घेतलं. "दादा, ते कोणाले हाक मारणार नाहीत. तूच ध्यान ठेव." मी हसलो आणि म्हणालो, जसा नेतो तसा आणून देतो.

धारेखालच्या शेवटच्या झोपडीत रात्र काढून सकाळी आम्ही सहा जण निघालो, तेव्हा पाऊस झोडपत होता. तासाभरात धुकं असं दाटलं की माझ्या मागचा रामाजीसुद्धा दिसेना. वाट जेमतेम दोन हात रुंद, आणि दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. ओल्या दगडांचा, कुजलेल्या पानांचा वास. बोललेला शब्द तोंडापाशीच विरे, म्हणून हळूहळू बोलणंही थांबलं. इतकं एकटं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. पाठीशी पाच माणसं आहेत याला पुरावा काय, तर तेवढी घुंगरं. छन्, छन्, पावलागणिक. त्या आवाजाचा मला फार आधार वाटला, हे कबूल करतो.

एका ठिकाणी वाट खचली होती. मी बसून, सरपटत पार झालो. थोडं पुढे गेल्यावर मागे कुठेतरी दगड गडगडले. मी जागीच थांबलो. घुंगरू थांबलं नाही. वळून बघावं असं मनात आलं होतं. पण आवाज तर येत होता. मी चालू लागलो.

दुपारी गुहेपाशी पोचलो. मागची माणसं एकेक करून धुक्यातून बाहेर आली. रामाजी, बाबाराव, बाबारावांचे दोघे भाऊ. मग कोणीच नाही.

घुंगरू मात्र वाजत होतं. वीसेक पावलांवर. आम्ही पाचही जणांनी ऐकलं.

"येऊन राहिले जावाईबुवा," रामाजी म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. आवाज जवळ येईना, दूरही जाईना. शेवटी मी धावत मागे गेलो. त्या वीस पावलांवर कोणी नव्हतं, आणि आता आवाजही नव्हता.

तीन दिवस शोधलं. खचलेल्या वाटेखाली दोर सोडून उतरलो. टोपीसुद्धा सापडली नाही.

परतताना झोपडीत शिरलो, तर कोपऱ्यात काठी उभी. कोरडी. रात्री कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून अनंतने सातही घुंगरं आपल्या रुमालात घट्ट बांधली होती, आणि सकाळच्या घाईत काठीच विसरला होता. वाटेत आठवलं असेल, तरी आपल्यापायी सगळे खोळंबतील म्हणून बोलला नसेल. रुमालाची गाठ जशीच्या तशी होती.

काठी मी नीलाला दिली. काही न लपवता सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"एकदा मांगं पाहिलं असतं तं, दादा," एवढंच म्हणाली.

 

आता नीला माझ्याकडेच राहते. काठी दाराआड असते. गाठ तिने सोडली नाही, मलाही सोडू दिली नाही.

परवा श्रावणातला पाऊस धरून होता. कचेरीतून येताना तलावाच्या पाळीवर मी एकटाच.

मागून आवाज आला. छन्, छन्. वीसेक पावलांवर.

पुन्हा कधी ऐकू आलं तर मागे पाहायचं, असं मी वर्षभर ठरवून होतो. मान वळली नाही.

घरापर्यंत तो तसाच मागे होता.

नीलाने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे. वळून तिने खुंटीवरचे दोन पंचे काढले. एक माझ्या हाती दिला. दुसरा हातात धरून, डोक्यावरचा पदर सारखा करत, ती दारातच उभी राहिली.