एक नंबरचा टॅपेट

शटर खाडकन खाली आलं. काकांनी आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"कबुलीवर सही कर. त्याशिवाय बाहेर जायचं नाही."

पुतणीने कबुलीचा कागद बाजूला सारला. पुढच्या महिन्यात काका हे गॅरेज तिच्या हाती सोपवणार होते. कामात कुचराई केली असं लिहून दिलं, तर तिला कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

काल तिने डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या चार सिलिंडरांपैकी एक नंबरचा टॅपेट, म्हणजे झडपेवरचं अंतर, जुळवला होता. कार्डावर तेवढंच काम होतं. आज सकाळी बाई गाडी घेऊन गेल्या आणि ती टकटक करत परत आली. काकांनी इंजिनचं कव्हर उघडायची तसदीही घेतली नव्हती.

"एक नंबरच वाजतोय," काकांचे जावईबापू म्हणाले. सहा महिन्यांपूर्वी ते दुसरं वर्कशॉप सोडून इथे आले होते, आणि येताना तोरा तेवढा घेऊन आले होते.

"गाडी रात्री कुठे होती?" तिने विचारलं.

"इथेच. मी कुलूप लावलं," जावई म्हणाले.

तिने इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून टकटक कुठून येते ते ऐकायला मुठीला कान लावला. बंद शटरआड धूर कोंडला, काका खोकू लागले. तिने इंजिन बंद केलं. मोजण्याआधी ते गार व्हायला तासभर गेला.

मग तिने कव्हर उघडलं, फटीत फीलरची पातळ मापाची पट्टी सरकवून पाहिली.

"जावईबापू, एक नंबर कुठला?"

त्यांनी गिअरबॉक्सच्या बाजूला बोट ठेवलं. "हा काय!"

काकांचा चेहरा पडला.

"काका, आपण बेल्टच्या बाजूने मोजतो. आपला एक तिकडे आहे, त्यातलं अंतर बरोबर आहे. हा चार. मी त्याला हातही लावला नव्हता, पण वाजतोय तोच. याचा नट सैल आहे, वर पान्याचा ताजा ओरखडा. रात्री कुणीतरी मला अडकवायला एक नंबर सैल केला. फक्त मोजलं उलट्या बाजूने. यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सकडून मोजतात."

"मामा, मी... गॅरेज तिला देणार म्हणालात, म्हणून..." जावई सासऱ्यांकडे वळले.

काका टायरवर मटकन बसले. "माझ्या पोरीला मी काय सांगू गं?"

तिला त्यांची कीव आली, आणि तितकाच रागही.

"ते मला विचारू नका. शटर उघडा."

शटर वर गेलं. जावई मान खाली घालून निघून गेले. तिने पाना उचलला आणि चार नंबर जुळवायला घेतला. काका मात्र जागचे हलले नाहीत. संध्याकाळी त्यांना लेकीकडेच जेवायला जायचं होतं.