रस्त्यावर न येणारी गाडी

रेवदंड्याच्या बाजारात एक पांढरी गाडी तिसऱ्यांदा आचका देऊन बंद पडली. मागे रिक्षांची रांग लागली, मासळीवाल्या बाया वळून बघू लागल्या, आणि रांगेतल्या चौथ्या गाडीतून मनाली खाली उतरली. गाडी शिकवणं हाच तिचा धंदा. कुणाची गाडी अडलेली बघून तिला गप्प बसवत नसे.

तिनं काचेवर टकटक केलं. आत घामाघूम झालेला एक तरुण होता आणि त्याच्या शेजारी पोट धरून हसणारा त्याचा मावसभाऊ सनी.

"क्लच पूर्ण दाबा... हां, आता न्यूट्रल. घाई करू नका."

गाडी सुरू झाली. तरुणानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळे छान होते, आणि ते मनालीच्या उगाचच लक्षात राहिले.

"ताई, याच्यावर जाऊ नका," सनी म्हणाला. "घरी हा ताशी तीनशेनं झोंडा चालवतो!"

"काय चालवतात?"

"गेममध्ये..." तरुण पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभा. नाव रत्नपाल, गाव चौल. नुकताच कृषी सहायक झालेला. महिन्याभरात रोह्यापुढच्या तळा गावी, तळ्याला, रुजू व्हायचं होतं. तिथली गावं लांब लांब, म्हणून वडिलांनी ती जुनी गाडी घेऊन दिली होती. मनालीचे वडील बाळाराम एसटीतून निवृत्त झालेले; त्यांनी अर्ज भरून घेतला आणि म्हणाले, "पोरगी शिकवील. पन ती वरडते हां!"

ती ओरडायचीच.

"रत्नपाल, कोंबडी!"

"दिसली, मॅडम."

"दिसली तर ब्रेक कोण मारणार? तुमच्या गेममध्ये आपटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. इथं कोंबडीचा मालक दारात येतो!"

तो हसायचा आणि हसता हसता गियर चुकायचा. साळावच्या पुलाच्या चढावर गाडी मागे घसरली की मनाली तिच्या बाजूचा ब्रेक दाबायची, आणि पुलाखाली खाडीत होड्या शांत डुलत असायच्या. हळूहळू तिला सकाळचे सात कधी वाजतात असं व्हायला लागलं.

"आहे तरी काय त्या झोंड्यात?" एकदा तिनं विचारलं.

तो खुलला. झोंडा आर, इटलीची गाडी. बारा सिलिंडरांचं इंजिन. तिला रस्त्यावर यायची परवानगीच नाही, ती फक्त रेसच्या ट्रॅकवर पळते. जगात मोजक्याच आहेत. बारा वर्षांचा असताना अलिबागच्या एका सायबर कॅफेत त्यानं ती पहिल्यांदा चालवली होती.

"पण प्रत्येक गेममध्ये ती वेगळी वागते," तो म्हणाला. "एकीत वळणावर मागून सटकते. एकीत रस्त्याला चिकटून जाते. मोबाईलवरच्या एका गेममध्ये तर चक्क उडते!"

"मग खरी कुठली?"

"काय माहीत... खरी चालवलेला माणूस मला कुठं भेटणार?"

मनाली खिडकीबाहेर बघत राहिली. या माणसाला हाती न येणाऱ्या गोष्टीच आवडतात की काय, असं तिच्या मनात आलं. का कोण जाणे, तिला ते आवडलं नाही.

रविवारी त्याच्या आईनं, बायजाबाईंनी, तिला जेवायला बोलावलं. भात आणि वालाचं बिरडं झाल्यावर रत्नपालनं आपली खोली दाखवली. टेबलाला स्टिअरिंग पक्कं बसवलेलं, खाली पेडल, समोर मोठा पडदा.

"बसा, मॅडम. आज मी शिकवतो."

पडद्यावरची काळी झोंडा अशी काही गरजली की मनालीचा पाय बिचकला. पहिल्याच वळणावर गाडी गवतात. मग भिंतीवर. मग पुन्हा गवतात. तिला कळेना, सहा वर्षं गाडी शिकवणारी मी, आणि हे काय!

"हसू नका!"

"हसत नाहीये. वळणाच्या आधी सोडा... आता लांब बघा, बॉनेटकडे नको..."

ती थबकली. हे तर तिचेच शब्द होते! रोज सकाळी ती त्याच्यावर ओरडायची ते. त्यानं ते जपून ठेवले होते, आणि न ओरडता परत दिले होते. नवव्या वेळी गाडी कुठंही न आपटता पूर्ण फेरी मारून आली, तेव्हा मनालीनं आनंदानं त्याचा हातच धरला.

"बघितलंस?"

"बघितलं," तो हळूच म्हणाला. "...आणि 'बघितलंस' पण ऐकलं."

तिनं हात सोडला. पण तो 'तू' काही मागे घेतला नाही.

आरटीओच्या कँपमध्ये त्यानं आठचा आकडा एका दमात काढला आणि पास झाला. पेढे घेऊन आला तेव्हा मनाली कोरड्या आवाजात म्हणाली, "छान. आता तळ्याला जा."

"एकटा? रोह्यापुढची वळणं मी कधी बघितली नाहीत. तू येशील? काकांना विचारतो."

बाळाराम पेढा तोंडात टाकत म्हणाले, "जा गं. सांजच्या यष्टीनं परत ये."

रोहा मागे पडलं. डोंगरातली वळणं तो अलगद घेत होता. तिला एकदाही ओरडावं लागलं नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. तळ्याच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली.

"मनाली... मला जे सांगायचंय ते..."

"आधी मी विचारते. तुला हाती न येणाऱ्याच गोष्टी आवडतात का रे?"

तो विचारात पडला. खोटं पटकन बोलता येतं. त्यानं वेळ घेतला.

"झोंडा मिळावी असं मला कधी वाटलंच नाही. बघून मन भरायचं. तुझ्या बाबतीत नुसतं बघून भरत नाही. रोज सकाळी सात वाजता तू हवी आहेस... इथंसुद्धा."

मनाली समोरच्या रस्त्याकडे बघत हसली.

"चल," ती म्हणाली. "तू भाड्यानं घेतलेली खोली बघू."

खोलीची मालकीण येसूबाई अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही तुमची मंडळी का?"

रत्नपाल गडबडला. "नाही, म्हणजे... या माझ्या..."

"अजून न्हाय, आजी," मनाली म्हणाली, आणि चपला काढून घरात शिरली. "पन खोलीला उजेड किती हाय ते बघून ठेवते."